दाबाचे पाणी आणि मोटारगाडी : विजेवरील धुलाईयंत्राची ओळख व निगा

मोटारगाडी धुणे ही इतकी साधी गोष्ट समजली जाते, की तिच्यात काही शिकण्यासारखे असेल असे सहसा कोणाला वाटत नाही. आपल्या बहुतेक शहरांत हे काम पहाटे उरकले जाते. एक बादली पाणी, एक फडके आणि ओळीने उभ्या असलेल्या दहा-बारा गाड्या. तिसऱ्या-चौथ्या गाडीपर्यंत बादलीतील पाणी गढूळ होते आणि त्यानंतरच्या प्रत्येक गाडीवर फडक्याबरोबर धूळही फिरू लागते. रस्त्यावरील धुळीत वाळूचे, म्हणजे क्वार्ट्झचे, कण असतात. खनिजांची कठिनता दाखविणाऱ्या मोस यांच्या मापश्रेणीत क्वार्ट्झचे स्थान ७ आहे. साधी काचही त्याच्या खाली येते. गाडीच्या रंगावरील पारदर्शक थर काचेहून पुष्कळच मऊ असतो आणि त्याची जाडी साधारणपणे ४० ते ५० मायक्रोमीटर, म्हणजे एका मिलिमीटरच्या विसाव्या भागाएवढी भरते. उन्हात तिरप्या नजरेने पाहिले असता गाडीच्या टपावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या ज्या बारीक रेषा दिसतात, त्या या फडक्याने ओढलेल्या असतात. दोष फडके फिरविणाऱ्याचा नव्हे. त्याला महिन्याकाठी जे पैसे मिळतात, त्यांत प्रत्येक गाडीसाठी नवे पाणी आणणे त्याला परवडणारे नसते.

तेव्हा खरा प्रश्न असा आहे, की फडके लावण्यापूर्वीच हे कण गाडीवरून कसे काढावेत? त्याचे एक उत्तर म्हणजे वेगाने येणारे पाणी. आल्फ्रेड केर्शर या जर्मन अभियंत्याच्या कारखान्यात १९५० साली गरम पाण्याचे उच्चदाबाचे धुलाईयंत्र तयार झाले. ते कारखाने व वाहनतळ यांच्यासाठी होते. घरात वापरता येईल असे लहान, हाताने हलविता येणारे यंत्र त्याच कारखान्याने १९८४ मध्ये बाजारात आणले. आज आपल्याकडे अशी विजेवरील यंत्रे अनेक नावांनी मिळतात आणि लोक त्यांना ‘प्रेशर वॉशर’ म्हणूनच ओळखतात. आपणही तोच शब्द वापरू.

या यंत्राचे अंतरंग समजून घेतल्यास त्याची निगा आपोआप समजते. विजेची मोटर एक तिरकी तबकडी फिरविते. ही तबकडी फिरताना तिच्यासमोरील तीन लहान दट्टे आळीपाळीने आत ढकलले जातात आणि स्प्रिंगमुळे पुन्हा बाहेर येतात. प्रत्येक दट्ट्यापाशी एक झडप पाणी आत घेण्यासाठी आणि दुसरी ते पुढे सोडण्यासाठी असते. दट्ट्यांभोवती रबराची सीले बसविलेली असतात. या सीलांना वंगण म्हणून आणि थंडावा म्हणून जे काही मिळते, ते पंपातून जाणारे पाणीच होय. या एका वाक्यातच यंत्राच्या बहुतेक दुखण्यांचे मूळ आहे.

दाबाविषयी थोडे गणित करू. गच्चीवरील टाकी नळापासून दहा मीटर उंच असेल, तर नळाला सुमारे १ बार दाब मिळतो. घरगुती प्रेशर वॉशर साधारणतः १०० बार दाब निर्माण करतो, म्हणजे एक किलोमीटर उंचीवर टाकी बांधल्यासारखे झाले. टोरिचेल्ली या इटालियन शास्त्रज्ञाने सतराव्या शतकात दिलेल्या नियमाप्रमाणे अशा दाबाखालील पाणी नॉझलमधून सेकंदाला सुमारे १४० मीटर, म्हणजे ताशी ५०० किलोमीटर वेगाने बाहेर पडते. मिनिटाला ६ लिटर पाणी या वेगाने जाण्यासाठी लागणारे छिद्र जेमतेम १ मिलिमीटर व्यासाचे असते. वाचकांनी हे छिद्र ध्यानात ठेवावे. पुढे त्याचा संबंध येणार आहे.

यावरून खरेदीच्या वेळी उपयोगी पडणारी एक परीक्षा करता येते. बारमधील दाब आणि मिनिटाला वाहणारे लिटर यांचा गुणाकार करून त्याला ६०० ने भागले, की पाण्याला दिलेली शक्ती किलोवॉटमध्ये मिळते. १०० बार आणि ६ लिटर म्हणजे १ किलोवॉट. मोटर आणि पंप यांत काही शक्ती वाया जाते, म्हणून अशा यंत्राची मोटर १,४०० ते १,६०० वॉटची असणे योग्य ठरते. आता एखाद्या खोक्यावर १,४०० वॉट, १५० बार आणि ८ लिटर असे तीनही आकडे छापलेले असतील, तर गुणाकार २ किलोवॉट येतो. मोटर घेते त्याहून अधिक शक्ती पाण्याला मिळणे अशक्य आहे. खोक्यावरचा प्रत्येक आकडा कदाचित खोटा नसेल, पण ते सर्व एकाच वेळी खरे नसतात. महत्तम दाब हा पाण्याचा प्रवाह अडल्यावर क्षणभर मिळणारा दाब असतो. काम करतानाचा दाब त्याहून कमी असतो आणि विचारायचा असतो तो हाच.

मोटरीचे दोन प्रकार आढळतात. स्वस्त यंत्रांत कार्बन ब्रश असलेली मोटर असते. ती हलकी व वेगवान, पण आवाज फार करते आणि लवकर तापते. तिचे ब्रश झिजतात. महाग यंत्रांत इंडक्शन मोटर असते. ती जड व शांत असून अधिक काळ टिकते. आठवड्याला एकच गाडी धुणाऱ्या कुटुंबाने महागड्या मोटरीचा हट्ट धरावा असे मला वाटत नाही. दुकानदाराला त्याऐवजी एकच प्रश्न विचारावा: या पंपाची सीले आणि ओ-रिंगा सुट्या मिळतात का? उत्तर टाळाटाळीचे आले, तर यंत्र तेथेच ठेवावे.

विजेच्या बाबतीत निष्काळजीपणा मुळीच चालत नाही, कारण येथे वीज व पाणी एकाच हातात आलेली असतात. १,६०० वॉटचे यंत्र २३० व्होल्टला सुमारे ७ अँपियर विद्युत्प्रवाह घेते. म्हणजे दिव्या-पंख्यासाठी असलेली ६ अँपियरची खोबण त्याला अपुरी आहे. १६ अँपियरची, नीट अर्थिंग केलेली खोबण हवी. त्या मंडलावर ३० मिलिअँपियर गळतीला वीज तोडणारा आर.सी.सी.बी. बसविलेला असावा. गाडी खाली आणि खोबण पहिल्या मजल्यावर, अशा घरांत लांब वायर जोडली जाते आणि ती बहुधा घरात पडलेली बारीक वायर असते. २० मीटर लांबीच्या ०.७५ चौरस मिलिमीटर वायरीत सुमारे ७ व्होल्ट गळतात आणि ५० वॉट उष्णता निर्माण होते. वायर मोकळी पसरली असेल तर ही उष्णता हवेत जाते. गुंडाळीत असेल तर तेथेच साठते आणि आवरण वितळू लागते. २.५ चौरस मिलिमीटरची वायर घेऊन ती पूर्ण उलगडावी, आणि जोड जमिनीवर पाण्यात ठेवू नये.

पाणी कोठून घ्यावयाचे, हाही आपल्याकडचा खास प्रश्न आहे. परदेशी माहितीपुस्तिका नळाला भरपूर दाब आहे असे गृहीत धरतात. आपण प्रथम दहा लिटरची बादली नळाखाली ठेवून घड्याळ पाहावे. ती एका मिनिटात भरली, तर पुरवठा पुरेसा आहे. दोन मिनिटे लागली, तर पंप उपाशी राहील. अशा वेळी बादलीतून किंवा पिंपातून पाणी ओढू शकणारे यंत्र निवडावे, पिंप यंत्राहून थोडे उंचावर ठेवावे आणि ओढनळी आधी पाण्याने भरून मगच जोडावी. ओढनळीच्या टोकाला गाळणी असल्याशिवाय काम सुरू करू नये. टाकीच्या तळची बारीक रेती झडपेत अडकली की दाब गेलाच.

सुरू करण्याचा क्रम ठरलेला आहे. नळ उघडावा, गनचा घोडा दाबून धरावा, नॉझलमधून हवेचे बुडबुडे जाऊन पाण्याची अखंड धार येईपर्यंत थांबावे आणि मगच बटण दाबावे. प्रस्तुत लेखकाने हा नियम एकदा मोडला आहे. नगरपालिकेचे पाणी येण्याची वेळ झाली होती, नळ सुं-सुं आवाज करीत होता, आणि आता येईलच या भरवशावर यंत्र चालू केले. पाणी यायला दोन-तीन मिनिटे लागली. तेवढ्यात कोरड्या दट्ट्यांनी सीले भाजून काढली. त्या दिवसापासून यंत्राखाली पाण्याचे थेंब पडू लागले आणि दाब निम्म्यावर आला. दुरुस्तीचा खर्च यंत्राच्या किमतीच्या एक-तृतीयांश झाला.

आता गाडीकडे वळू. रंगापासून किमान ३० सेंटीमीटर अंतर ठेवावे आणि धार पंख्यासारखी पसरणारी असावी. नॉझलांना रंगांची खूण असते: लाल म्हणजे शून्य अंशाची सरळ धार, पिवळा १५, हिरवा २५ आणि पांढरा ४० अंशांचा, काळे नॉझल साबणासाठी असते. गाडीसाठी हिरवा किंवा पांढरा रंग घ्यावा. लाल नॉझल आणि गरगर फिरणाऱ्या धारेचे नॉझल फरशीसाठी आहेत. रंग, रबराच्या पट्ट्या आणि टायरची बाजू यांच्याजवळ ती नेऊ नयेत. २५ अंशांचा पंखा १० सेंटीमीटरवर सुमारे साडेचार सेंटीमीटर रुंद असतो, तर ३० सेंटीमीटरवर तेरा. म्हणजे तेच पाणी तिप्पट रुंदीवर पसरते आणि रंगावरचा मारा सौम्य होतो. जेथे रंगाचा पोपडा आधीच सुटला आहे किंवा गाडी दुसऱ्यांदा रंगविलेली आहे, तेथे अंतर आणखी वाढवावे. बॉनेटखालील विजेच्या जोडण्यांवर धार मारूच नये.

येथे एक आक्षेप येण्याचा संभव आहे. इतक्या वेगवान पाण्याने सारी धूळ निघत असेल, तर नंतर हाताने पुसायचे कशाला? परंतु धार मारून वाळविलेल्या गाडीवर बोट फिरवून पाहावे. बोटाला करडी पूड लागते. पृष्ठभागाला अगदी चिकटून असलेला पाण्याचा थर जवळजवळ स्थिर असतो, वरचे पाणी कितीही वेगाने जावो. त्या थराहून मोठे असलेले वाळूचे कण वाहून जातात. अतिसूक्ष्म कण आत दडून राहतात. म्हणून प्रथम पाणी, मग साबणाचा फेस, तो वाळण्यापूर्वी पुन्हा पाणी, आणि शेवटी मऊ मायक्रोफायबरचे हातमोजे घेऊन वरून खाली हलका हात, असा क्रम ठेवतात. बादल्या दोन असाव्यात; एकीत साबणपाणी आणि दुसरीत मोजा खळबळण्याचे साधे पाणी. ओरखडे पाडणारे कण आधीच गेलेले असल्याने हा हात निर्धोक ठरतो. काम सावलीत करावे. तापलेल्या पत्र्यावर पाणी लगेच उडून जाते आणि बोअरच्या दुष्फेन पाण्यातील क्षार पांढरे ठिपके होऊन बसतात.

धारेसंबंधी एक इशारा स्वतंत्रपणे देणे भाग आहे. मुलांना गंमत वाटते म्हणून गन त्यांच्या हाती देऊ नये, आणि चिखलाचे पाय धुण्यासाठी ती कधीही वापरू नये. जवळून आलेली धार कातडी भेदून आत शिरते. वर दिसते ती टाचणीएवढी जखम, पण आत पाणी आणि घाण पसरलेली असते. अशा जखमेवर घरी मलम लावून वाट पाहणे घातक आहे; रुग्णाला तत्काळ शल्यचिकित्सकाकडे न्यावे.

पाण्याचा हिशेबही मांडला पाहिजे. मिनिटाला ६ लिटरप्रमाणे दहा मिनिटांची धार म्हणजे ६० लिटर. उघड्या नळीने तेवढ्याच वेळात याच्या दुप्पट-तिप्पट पाणी सहज जाते, हे खरे. पण बादली-फडक्याला वीस लिटर पुरतात, हेही खरे. मार्च २०२४ मध्ये बंगळूरमध्ये तीव्र टंचाई झाली, तेव्हा तेथील पाणीपुरवठा मंडळाने पिण्याच्या पाण्याने गाड्या धुण्यास मनाई करून ५,००० रुपये दंड ठरविला. त्याच वर्षी मे महिन्याच्या अखेरीस दिल्लीत नळीने गाडी धुणाऱ्यास २,००० रुपये दंड जाहीर झाला. अशा दिवसांत यंत्र झाकून ठेवावे आणि गाडी मळकी राहू द्यावी. छपरावरून साठविलेले पावसाचे पाणी मात्र या कामास उत्तम; ते सुफेन असल्याने ठिपकेही पडत नाहीत. गाळून घेतले की झाले.

काम संपल्यावर साबणाची बाटली काढून एक मिनिट साधे पाणी सोडावे. मग बटण बंद, नळ बंद आणि त्यानंतर घोडा दाबून नळीत कोंडलेला दाब मोकळा करावा. ही शेवटची पायरी पुष्कळ लोक विसरतात आणि सीले दिवसेंदिवस ताणाखाली राहतात. ब्लीचिंग पावडरचे पाणी, आम्ल किंवा फिनेल यंत्रात कधीही घालू नये.

दुखणी ओळखणे फारसे अवघड नाही. धार धडधडत, तुटत-तुटत येत असेल, तर आत हवा शिरते आहे किंवा प्रवेशाची गाळणी तुंबली आहे. प्रथम गाळणी काढून धुवावी. घोडा सोडलेला असतानाही मोटर थांबून-थांबून आपोआप चालू होत असेल, तर कोठेतरी गळती आहे. बहुधा जोडातील ओ-रिंग चिरलेली असते. ती बदलून सिलिकोन ग्रीसचा पुसट हात द्यावा. मोटर कण्हत असेल आणि पाणी कमी येत असेल, तर नॉझलचे छिद्र तुंबले आहे. ते काढून बारीक तारेने साफ करावे आणि उलट्या बाजूने पाणी सोडावे. याच्या उलट, सर्व काही ठीक असून केवळ जोर कमी झाला असेल, तर छिद्र झिजले असण्याचा संभव असतो. १ मिलिमीटरचे छिद्र १.१ झाले, तर डोळ्यांना फरक दिसत नाही. पण त्याच प्रवाहाला १०० बारऐवजी सुमारे ६८ बारच दाब मिळतो. पंप उघडण्यापूर्वी नवे नॉझल लावून पाहावे. ते फार स्वस्त असते.

किनारपट्टीवर यंत्र जमिनीपासून उंच, कोरड्या जागी ठेवावे आणि पावसाळ्यातही महिन्यातून एकदा पाण्यासह दोन मिनिटे चालवावे, म्हणजे सीले चिकटून बसत नाहीत. वायरीवर उंदरांची नजर असते, तिकडेही लक्ष असू द्यावे. सिमला, श्रीनगर, लेह अशा ठिकाणी धोका वेगळा आहे. पाणी गोठताना त्याचे आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढते आणि पंपात राहिलेले ओंजळभर पाणी त्याचे डोके तडकवू शकते. तेथे थंडी सुरू होण्यापूर्वी नळ्या सोडवाव्यात, घोडा दाबून पाण्याऐवजी हवा येईपर्यंत यंत्र काही सेकंदच चालवावे, आणि मग ते घरात, न गोठणाऱ्या खोलीत आणून ठेवावे.