शेणाने सारवलेले घर

अभ्यासपाठ
वाचनभाग : १ थेस्सलनीकाकरांस २:७-१२



गेल्या पावसाळ्यात आमच्या एका नवीन कार्यकर्तीने मला विचारले, "दादा, या महिन्याच्या अहवालात काय लिहू? एका आजींना दोनदा दवाखान्यात नेलं, रेशनकार्डासाठी तहसीलला चकरा मारल्या, बोअरचा हातपंप दुरुस्त करून घेतला. सभा एकच झाली." मला उत्तर सुचले नाही. कारण अशा ओळी इतरांच्या अहवालातून मीच कितीदा खोडल्या होत्या. सभा किती, हजेरी किती, एवढेच मी विचारत आलो.

त्या रात्री मला रॉबर्ट आणि मेरी मॉफट या दांपत्याची आठवण झाली. धर्मशिक्षणाच्या वर्गात त्यांच्याविषयी शिकलो होतो. तेव्हा सन तेवढे पाठ केले, त्यांच्या दिवसांकडे पाहिले नाही.

घरकाम हीही सेवा

रॉबर्ट स्कॉटलंडचे, व्यवसायाने माळी. १८१७ मध्ये ते दक्षिण आफ्रिकेत पोहोचले. मेरी स्मिथ ही इंग्लंडमधील त्यांच्या मालकाची मुलगी. आईवडिलांची परवानगी मिळायला काही वर्षे गेली. १८१९ मध्ये केपटाऊनला त्यांचे लग्न झाले. पुढे त्सवाना लोकांमध्ये, कुरुमान येथे, त्यांनी जवळजवळ सारे आयुष्य काढले.

मेरीबाईंनी घरी लिहिलेल्या एका पत्रात एक गोष्ट आहे. तिथे घराची जमीन आठवड्यातून एकदा तरी शेणाने सारवीत. इंग्लंडहून आलेल्या बाईला ते आधी घाण वाटले, तिने टाळूनही पाहिले. पण सारवल्याने धूळ बसते आणि पिसवा मरतात, हे लक्षात आल्यावर ती आनंदाने सारवू लागली. आपल्या आजीला यात काहीच नवल वाटले नसते! पण मेरीबाईंसाठी ते मोठे पाऊल होते. शिकवायला आलेली बाई शेजारणींकडून शिकली.

पाण्याची गोष्ट मात्र भांडणाची आहे. सुरुवातीच्या वस्तीत मिशनने नदीवरून चर खणून बागेला पाणी आणले. गावातील बायका तो चर फोडून पाणी आपल्या शेतात वळवीत. मग मॉफट व त्यांचे सोबती कुदळी घेऊन उन्हात दुरुस्तीला जात. मॉफट यांनी आपल्या पुस्तकात याची तक्रार केली आहे. पण नदी आधी कोणाची होती? पाड्यावर पाण्याची योजना नेताना हा प्रश्न आपण स्वतःला विचारला पाहिजे. पुढे १८२४ मध्ये मिशनची वस्ती कुरुमानच्या बारमाही झऱ्याजवळ हलली.

फळ उशिरा, शिकणे शेवटपर्यंत

पहिली कित्येक वर्षे एकही बाप्तिस्मा झाला नाही. अशा काळात एका मैत्रिणीने इंग्लंडहून काय पाठवू असे विचारले, तेव्हा मेरीबाईंनी प्रभुभोजनाची भांडी मागितली. १८२९ मध्ये पहिले बाप्तिस्मे झाले आणि भांडी नेमकी त्याच सुमारास येऊन पोहोचली.

रॉबर्ट आधी दुभाष्यामार्फत बोलत. नीट भाषा यावी म्हणून १८२७ मध्ये ते काही आठवडे केवळ त्सवाना लोकांतच जाऊन राहिले. केपटाऊनला छपाई शिकून त्यांनी १८३० मध्ये लूकचे शुभवर्तमान सेत्स्वाना भाषेत छापले. संपूर्ण पवित्र शास्त्र १८५७ मध्ये पूर्ण झाले, तेव्हा ते ६१ वर्षांचे होते.

तरीही एक मोठी चूक राहिली. 'बादिमो' म्हणजे त्सवाना लोकांचे आदरणीय पूर्वज. मॉफट यांच्या भाषांतरात भुतांसाठी हाच शब्द आला. पूर्वज भुते ठरल्यावर त्या लोकांच्या मनाला काय वाटले असेल? आपल्या वारली, भिल्ल बांधवांमध्येही पूर्वजांना मोठा मान आहे. म्हणून त्यांच्या बोलीतला शब्द वापरण्यापूर्वी पाड्यावरील वडीलधाऱ्यांना विचारा. इतकी वर्षे राहिल्यावरही ऐकायचे बाकी राहते.

म्हातारपणीचे दिवस

१८५९ मध्ये, वयाच्या ६३ व्या वर्षी, रॉबर्ट बैलगाडीने दूर उत्तरेला इन्याती येथे नवे केंद्र उभारायला गेले. तिथे ते लोहारकाम आणि सुतारकाम करीत. त्यांच्या मागे कुरुमानचे घर, पाहुणे आणि पत्रव्यवहार मेरीबाईंनी सांभाळला.

१८६२ मध्ये त्यांची मुलगी, डेव्हिड लिव्हिंग्स्टन यांची पत्नी मेरी, झांबेझी नदीकाठी तापाने वारली. त्याच वर्षी मुलगा रॉबर्टही गेला. आईला मुलीजवळ पोहोचता आले नाही. तरी हे दोघे आणखी आठ वर्षे तिथेच राहिले. १८७० मध्ये, दोघेही ७४ वर्षांचे असताना, त्यांनी कुरुमान सोडले. इंग्लंडला पोहोचल्यावर काही महिन्यांतच, जानेवारी १८७१ मध्ये, मेरीबाई प्रभूकडे गेल्या. रॉबर्ट १८८३ पर्यंत जगले.

आपल्यासाठी बोध

वाचनभागात पौल सांगतो की त्याने लोकांना सुवार्तेबरोबर स्वतःचा जीवही देऊ केला आणि कोणावर भार नको म्हणून रात्रंदिवस श्रम केले. तंबू शिवणारे त्याचे हात आणि मेरीबाईंचे शेणाने माखलेले हात एकाच सेवेतले आहेत. सभा हव्यातच. पण आपण कोण आहोत, हे लोक सभेबाहेरच्या दिवसांत पाहतात.

त्या ताईंना मी दुसऱ्या दिवशी सांगितले, "सगळं लिहा. हातपंपही लिहा. आजींचं नाव आधी लिहा." आमच्या अहवालाच्या तक्त्यात आता 'सोबत' असा एक रकाना वाढवला आहे.

चर्चेसाठी प्रश्न

१. पाड्यावरील लोकांकडून या वर्षी आपण कोणती गोष्ट शिकलो?
२. आपल्या कोणत्या योजनेत लोकांना आधी विचारायचे राहून गेले?
३. आपल्या मंडळीतील वयस्कर सेवकांच्या दिवसाची चौकशी आपण शेवटची केव्हा केली?

प्रार्थना : प्रभू, आम्हांला राहण्याची सहनशक्ती आणि ऐकण्याची नम्रता दे. दूरदेशी व पाड्यांवर थकलेल्या तुझ्या सेवकांना आज विसावा दे. आमेन.