विजयायुक्त गमी : मात्रा, काल आणि वैद्याची जबाबदारी

गेल्या काही वर्षांत चिकित्सालयात एक नवा प्रश्न वारंवार विचारला जाऊ लागला आहे. मीरा रोडच्या हाटकेश परिसरातील माझ्या रुग्णांपैकी अनिद्रा किंवा जुनाट संधिशूल असलेले मध्यमवयीन रुग्ण "भांगेच्या गमी घेतल्या तर चालतील का?" असे विचारतात. तरुण मंडळी तर त्या घरी कशा करतात हे मोबाईलवर पाहूनच आलेली असतात. जिलेटिन किंवा पेक्टिन, साखर, फळांचा रस आणि तुपात अथवा तेलात उतरवलेली भांग किंवा गांजा, असा हा पदार्थ असतो. विजया हे आपल्या निघंटूंतील द्रव्य असल्यामुळे याविषयी रुग्ण आपल्यालाच विचारणार, हे उघड आहे. तेव्हा उत्तर देण्यापूर्वी आपला शास्त्राधार, आधुनिक माहिती आणि कायदा या तिन्ही बाजू आपल्याजवळ स्पष्ट असाव्यात, या हेतूने हा लेख लिहिला आहे.

शास्त्राधार

भावप्रकाश निघंटूत हरीतक्यादि वर्गात भंगा, गंजा, मातुलानी, मादिनी, विजया, जया अशा पर्यायांसह या द्रव्याचे वर्णन येते. तिक्त रस, लघु-तीक्ष्ण गुण, उष्ण वीर्य. कफहर, ग्राही, पाचक, परंतु पित्तकर. मोह, मद, वाणी आणि अग्नी यांना वाढविणारी असेही तिथेच म्हटले आहे. ('वाणी वाढविणारी' याची प्रचिती होळीच्या दिवशी कोणासही येते.) रुग्ण तिच्याकडे केवळ झोपेचे औषध म्हणून पाहतो. आपल्याकडील तिचा मुख्य शास्त्रीय उपयोग मात्र ग्रहणी-अतिसारासारख्या विकारांत, दीपन-पाचन-ग्राही म्हणून आहे, हे ध्यानात ठेवावे.

शार्ङ्गधर संहितेत व्यवायी द्रव्याचे उदाहरण म्हणून भांग आणि अहिफेन यांचीच नावे दिली आहेत. जे द्रव्य आधी सर्व शरीर व्यापते आणि मग पाक पावते ते व्यवायी. ही व्याख्या आपण परीक्षेपुरती पाठ करतो, पण गमीच्या संदर्भात तिचे महत्त्व फार मोठे आहे. अन्य आहारद्रव्यांप्रमाणे पाक झाल्यावर मग गुण दाखविणारे हे द्रव्य नाही. एकदा ते शरीरात पसरले की त्याला मागे आणता येत नाही.

गोड पदार्थात विजया घालण्याची कल्पना काही पाश्चात्त्यांची नव्हे. भैषज्यरत्नावलीतील मदनानंद मोदक प्रसिद्धच आहे. शार्ङ्गधरोक्त जातीफलादि चूर्णात सर्व द्रव्यांच्या एकत्रित वजनाइतकी भांग आणि त्या सर्वांइतकी साखर असते, म्हणजे तयार चूर्णाचा चौथा भाग भांग होय. ग्रंथोक्त कर्षमात्रा, म्हणजे सुमारे १२ ग्रॅम घेतली तर ३ ग्रॅम भांग पोटात जाते. आज कोणताही सुज्ञ वैद्य ही मात्रा देत नाही. तथापि महत्त्वाचे हे की वैद्याला हिशेब करता येतो. चूर्ण एकजीव केलेले असते, द्रव्यांचे प्रमाण ठरलेले असते आणि मात्रा तोलून देता येते.

घरगुती गमीत नेमके हेच नसते. विजयेतील मादक घटक टीएचसी हा स्नेहात विरघळणारा आहे, पाण्यात नव्हे. गमीचा साचा मात्र पाण्याचा आणि जिलेटिनचा असतो. औषधनिर्माणात योग्य पायसीकारक व यंत्र वापरून स्नेह सर्वत्र सारखा पसरविला जातो. स्वयंपाकघरात ढवळलेल्या मिश्रणात तो वर तरंगतो, काही साच्यांत जास्त उतरतो, काहींत जवळजवळ उतरतच नाही. शिवाय मूळ पानांत किंवा फुलोऱ्यात टीएचसी किती, हे करणाऱ्यालाही ठाऊक नसते. एकाच ताटलीतील दोन गमी दिसायला सारख्या आणि मात्रेने कितीतरी पटीने भिन्न असू शकतात.

शोधनाने मद जातो काय?

याबाबत आपल्यापैकी अनेकांच्या मनात गैरसमज आढळतो. भांग पाण्याने हिरवा रंग जाईपर्यंत धुऊन, वाळवून गोघृतात मंदाग्नीवर भाजणे, अथवा बाभळीच्या सालीच्या काढ्यात स्वेदन करून गोदुग्धाची भावना देणे, या शोधनविधी प्रचलित आहेत. पाण्याने धुतल्यावर धूळ, रंगद्रव्ये आणि जलविलेय घटक जातात. टीएचसी व त्याचे आम्लरूप पाण्यात विरघळत नसल्याने ते बहुतांशी तसेच राहतात. कच्च्या पानांत हा घटक मुख्यतः आम्लरूपात असतो आणि त्या रूपात तो मादक नसतो. उष्णतेने त्याचे मादक टीएचसीत रूपांतर होते. म्हणजेच तुपावर भाजण्याची क्रिया द्रव्याला अधिक कार्यकारी बनवते, आणि तूप ते शोषून घेते. शोधनाने द्रव्याचा तीक्ष्णपणा, रूक्षता व अशुद्धी कमी होतात हे मान्य. परंतु "शुद्ध विजया आहे, नशा येणार नाही" असे रुग्णाला सांगणे सर्वस्वी चुकीचे आहे.

काल : सर्वांत मोठा धोका

धूम्रमार्गाने घेतलेल्या गांजाचा परिणाम काही मिनिटांत दिसतो. मुखावाटे घेतलेल्या विजयेचा परिणाम मात्र साधारण अर्ध्या तासापासून दोन तासांनंतर सुरू होतो, दोन ते चार तासांत शिखरास पोहोचतो आणि सहा-आठ तास किंवा त्याहून अधिक टिकतो. यकृतात टीएचसीपासून बनणारा ११-हायड्रॉक्सी-टीएचसी हा घटकही तितकाच मादक असतो. अग्नी, कोष्ठ, पोटातील अन्न आणि त्यातील स्नेह यांनुसार हा काल बदलतो.

धोका या मधल्या रिकाम्या वेळात आहे. अमेरिकेतील कोलोराडो राज्यात मार्च २०१४ मध्ये १९ वर्षांच्या एका विद्यार्थ्याने ६५ मिलिग्रॅम टीएचसी असलेल्या बिस्किटाचा एक तुकडा खाल्ला. विक्रेत्याने सहावा भाग खाऊन थांबण्यास सांगितले होते. अर्धा ते एक तास काहीच जाणवले नाही, म्हणून त्याने उरलेले सर्व खाल्ले. पुढे त्याची वर्तणूक विक्षिप्त झाली आणि चौथ्या मजल्यावरून उडी घेतल्याने त्याचा मृत्यू झाला. त्या बिस्किटावर मात्रा छापलेली होती, सूचनाही तोंडी दिलेली होती. घरच्या गमीवर यांपैकी काहीच नसते.

माझ्याकडे आलेल्या एका पन्नाशीतील स्त्रीचा प्रकार याच जातीचा होता. झोपेसाठी नातेवाइकाने घरी केलेली अर्धी गमी तिने घेतली. तासाभरात गुण नाही म्हणून आणखी दोन घेतल्या. रात्री हृत्स्पंदन, भय, तोंडास कोरड आणि उठताना भोवळ. रक्तदाबाची गोळी चालू असल्यामुळे उभे राहताच दाब उतरत होता. रुग्णालयात निरीक्षणाखाली ठेवल्यावर दुसऱ्या दिवशी ती सावरली. वयस्क रुग्णांत भोवळीने पडून होणारा अस्थिभंग हाच खरा अनर्थ ठरू शकतो.

लहान मुलांचा धोका याहून मोठा आहे. अमेरिकेतील विषनियंत्रण केंद्रांकडे सहा वर्षांखालील मुलांनी असे खाद्यपदार्थ चुकून खाल्ल्याच्या नोंदी २०१७ मध्ये २०७ होत्या. २०२१ मध्ये त्या ३,०५४ झाल्या. गोळी गोड आणि रंगीत असेल, तर मुलाला तिच्यात आणि दुकानातील गोळीत फरक काय कळणार?

कायद्याची बाजू

१९८५ च्या अमली पदार्थविषयक (एनडीपीएस) अधिनियमात चरस व गांजा, म्हणजे फुलोरा, यांचा समावेश आहे. शेंड्यांशिवाय असलेली पाने व बिया गांजाच्या व्याख्येतून वगळलेल्या आहेत. "भांग कायदेशीर आहे" ही समजूत यावरूनच पसरली. पण महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा भांगेलाही मादक द्रव्य मानतो आणि परवान्याशिवाय ती बाळगता येत नाही. घरी गमी करणारे बहुतेक जण गांजाच वापरतात, तिथे प्रश्न थेट एनडीपीएसचा येतो. जून २०२१ मध्ये एनसीबीने मालाड येथील एका बेकरीतून गांजायुक्त ब्राउनी जप्त केल्या होत्या, हे वाचकांना आठवत असेल. त्याआधी एप्रिल २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हिरा सिंग प्रकरणात, मिश्रणातील निष्क्रिय पदार्थाचे वजनही मात्रा ठरविताना धरावे, असा निर्णय दिला होता. चरसाची अल्प मात्रा १०० ग्रॅमपर्यंत आहे. साखर-जिलेटिनसह वजन धरले तर एक ताटलीभर गमी ही सीमा सहज ओलांडते.

औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याच्या कलम ३३ईईसी मधील सवलत वैद्याला केवळ स्वतःच्या रुग्णांसाठी औषध बनविण्यापुरती आहे. बरणी भरून काउंटरवर विकण्यास ती लागू नाही, आणि कच्च्या भांगेच्या परवान्यातूनही ती सुटका देत नाही. भांग (बिया वगळून) अनुसूची ई(१) मधील विषद्रव्य आहे. म्हणून परवानाधारक कंपनीच्या विजयायुक्त औषधावरही वैद्यकीय देखरेखीखालीच घेण्याची सूचना इंग्रजी व हिंदीत असणे बंधनकारक आहे. औषधी दुकानदारांनी माल घेताना उत्पादन परवाना क्रमांक, वापरलेला भाग (पत्र), ही सूचना आणि प्रत्येक गमीतील टीएचसीचे मिलिग्रॅम पाहावेत. शेवटची नोंद नसेल तर माल परत करावा, असे माझे स्पष्ट मत आहे. चिठ्ठीशिवाय देऊ नये. 'कामशक्तिवर्धक' असा फलक तर मुळीच लावू नये; १९५४ च्या जाहिरातविषयक कायद्याने तो गुन्हा आहे. हेम्पच्या बियांचे पदार्थ ही वेगळी बाब होय. एफएसएसएआयने २०२१ मध्ये त्यांना आहार म्हणून मान्यता देताना बियांत टीएचसीची मर्यादा किलोमागे ५ मिलिग्रॅम ठेवली आहे. त्यांच्यावर विजयेच्या औषधी गुणांचा दावा करू नये.

अतिमात्रा झाल्यास

रुग्ण घेऊनच आला असेल तर प्रथम किती, केव्हा आणि सोबत मद्य वा झोपेची गोळी घेतली का, हे विचारावे. वॉर्फेरिन किंवा अपस्माराची औषधे चालू असल्यास त्याच्या मूळ चिकित्सकास कळवावे. प्रौढ शुद्धीवर असेल तर शांत, मंद प्रकाशाच्या खोलीत, सोबतीला माणूस ठेवून विश्रांती द्यावी. नाडी व रक्तदाब पाहत राहावे. लिंबू, चिंच, दही हे घरगुती उपाय लोक करतात, त्यावर विसंबून वेळ घालवू नये. भरपूर तूप पाजण्याची प्रथा तर टाळावी, कारण पोटात शिल्लक असलेले द्रव्य स्नेहामुळे अधिक शोषले जाण्याचा संभव आहे. गुंगी असताना वमन देऊ नये. छातीत दुखणे, भ्रम, आक्रमकता किंवा वाढती तंद्रा दिसल्यास, आणि रुग्ण बालक असेल तर कोणतेही लक्षण नसतानाही, त्वरित रुग्णालयात पाठवावे. सोबत उरलेली गमी व तिचे वेष्टन द्यावे.