आळ नव्या सर्व्हरवर

छोट्या ऑफिसात नवा सर्व्हर आला आणि त्याला नेट मिळेना, की खोट सर्व्हरमध्येच आहे असं सगळे धरून चालतात. बाकीची मशिनं व्यवस्थित चालतायत, हे एकच अडतंय, मग दुसरं काय असणार? सांगली-मिरज भागातल्या पेढ्या, दवाखाने, छोटे कारखाने यांची नेटवर्कं सांभाळताना मला वेगळंच दिसत आलंय. दुखणं बऱ्याचदा आधीपासून असतं, नवं मशीन ते फक्त उघडं पाडतं. आणि खरं नुकसान होतं ते नेट यावं म्हणून घाईघाईत केलेल्या उपायांनी. ते उपाय नेट आल्यावरही तसेच मागे राहतात.

मार्केट यार्डातल्या हळदीच्या एका पेढीचं उदाहरण सांगतो. टॅलीचा सगळा डेटा जुन्या पीसीवरून नव्या सर्व्हरवर नेला होता. ई-इन्व्हॉइस आणि ई-वे बिल टॅलीतूनच निघत, त्यामुळे सर्व्हरला नेट हवंच. राज्याबाहेर जाणाऱ्या ५०,००० रुपयांवरच्या मालाला ई-वे बिल लागतं आणि हळदीची भरलेली गाडी दारात उभी. मी पोचलो तेव्हा दिवाणजी म्हणाले, "सकाळपासनं असंच चाललंय बघा. मधूनच येतंय, मधूनच जातंय." ड्रायव्हर दर थोड्या वेळाने येऊन विचारून जात होता.

अशा वेळी बिघाड शोधायला बसू नये, आधी गाडी काढावी. टॅलीतून बिलाची जेसन फाइल बाहेर काढता येते. ती पेन ड्राइव्हवर घेऊन दुसऱ्या चालू पीसीवरून, नाहीतर मोबाइलचं हॉटस्पॉट लावलेल्या लॅपटॉपवरून, सरकारी पोर्टलवर चढवली की काम होतं. पोर्टलचं लॉगिन कोणाकडे आहे हे मात्र आधीच माहीत हवं. गाडी गेली, ड्रायव्हर गेला, मग खोलीतली घाईही गेली. घाई असताना माणूस दिसेल ते बटण दाबतो.

तशी बटणं तिथे बरीच दाबून झाली होती. सर्व्हरची फायरवॉल बंद. अँटिव्हायरस काढून टाकलेला. कोणीतरी यूएसबीने स्वतःचा मोबाइल जोडून नेट दिलं होतं आणि तो अजून लोंबकळत होता, म्हणजे सर्व्हरला बाहेर जायचे दोन रस्ते झाले होते आणि कोणता धरायचा हे विंडोज स्वतःच ठरवत होतं. सगळ्यात वाईट पुढेच. सर्व्हर बसवणाऱ्याला घरून बघता यावं म्हणून राउटरमध्ये ३३८९ हा पोर्ट थेट सर्व्हरकडे वळवला होता. रिमोट डेस्कटॉपचा हा ठरलेला पोर्ट. असे उघडे पोर्ट शोधत फिरणारे प्रोग्राम इंटरनेटवर रात्रंदिवस चालू असतात, आणि खंडणी मागणाऱ्या व्हायरसचा हा नेहमीचा दरवाजा आहे. फायरवॉल बंद, अँटिव्हायरस नाही, दार उघडं आणि आत अख्ख्या पेढीचे हिशेब. त्या दिवशी नेट जितकं नीट चाललं असतं तितका धोका वाढला असता. नेट नसणं ही अडचण आहे, पण टॅलीचा डेटा कुलूपबंद होऊन स्क्रीनवर पैशाची मागणी झळकणं हे धंद्यावरचं संकट आहे. म्हणून तपासणीच्या आधी मी हे सगळं पूर्ववत केलं: पोर्ट बंद, फायरवॉल चालू, मोबाइल बाजूला. अँटिव्हायरसही परत घातला.

त्यानंतर काहीही न बदलता फक्त पाहायचं. वही-पेन घेऊन बसायचं आणि दिसेल ते लिहून काढायचं.

पहिल्यांदा केबल. सर्व्हरच्या मागे आणि स्विचवर, दोन्ही टोकांना दिवा लागतोय का? मग कमांड प्रॉम्प्ट उघडून 'आयपीकॉन्फिग ऑल'. पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर पुढचं काही तपासायला नको. पत्ता वाटणाऱ्या डीएचसीपीकडून सर्व्हरला काहीच मिळालेलं नाही आणि त्याने स्वतःच तात्पुरता पत्ता घेतलाय. केबल, स्विच किंवा राउटरमधली डीएचसीपी एवढंच बघा. पत्ता हाताने घातलेला असेल तर तो, सबनेट मास्क आणि गेटवे हे तिन्ही शेजारच्या चालू पीसीशी ताडून पाहा. ऑफिसचं नेटवर्क १९२.१६८.१ चं आणि सर्व्हरवर १९२.१६८.० चा गेटवे, हे मी अनेकदा पाहिलंय.

मग पिंग, जवळून लांब या क्रमाने. आधी राउटर, नंतर ८.८.८.८ सारखा बाहेरचा पत्ता, शेवटी एखाद्या साइटचं नाव. जिथे उत्तर थांबतं तिथे शोधायचं. पिंग १९८३ पासून वापरात आहे आणि आजही पहिल्या तपासणीला त्याच्याइतकं भरवशाचं काही नाही. बाहेरचा पत्ता उत्तर देतो पण नाव सापडत नाही, तर दोष डीएनएसमध्ये. राउटर उत्तर देतो पण बाहेरचं काही नाही, तर राउटर किंवा त्यापुढची लाइन.

त्या पेढीत मात्र हा हिशेब जुळेना. सर्व्हरवरून राउटरला पिंग केलं की झटकन उत्तर. ८.८.८.८ ला केलं तर 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट'. शेजारच्या दिवाणजींच्या पीसीवरून, त्याच राउटरमधून, दोन्हीकडे उत्तर. एकच राउटर एका मशिनला बाहेर सोडतो आणि दुसऱ्याला अडवतो, हे कसं?

इथे विचारायचा प्रश्न असा, की १९२.१६८.१.१ या पत्त्यावरून उत्तर येतंय, ते देतंय कोण? आयपी पत्ता हा सेटिंगमध्ये लिहिलेला आकडा असतो, तो कुठल्याही डब्याला देता येतो. ऑफिसच्या आत मात्र डेटा जातो तो प्रत्येक यंत्राच्या कारखान्यात ठरलेल्या मॅक पत्त्यावर. कोणता आयपी कोणत्या मॅकचा, हे प्रत्येक मशीन हाक मारून विचारतं आणि मिळालेलं उत्तर लक्षात ठेवतं. या पद्धतीचं नाव एआरपी, ती १९८२ सालची आहे, आणि आलेलं उत्तर खरं की खोटं याची ती शहानिशा करत नाही. पत्त्यावर दोघांनी हक्क सांगितला तर बहुतेक वेळा ज्याचं उत्तर नंतर आलं, त्याचं खरं धरलं जातं.

दोन्ही मशिनांवर 'एआरपी -ए' ही कमांड दिली आणि दोन्ही पडद्यांवर १९२.१६८.१.१ ची ओळ शोधली. सर्व्हरवर त्या पत्त्यापुढे एक मॅक, दिवाणजींच्या पीसीवर दुसराच. राउटर उलटा करून त्याच्या पाठीवरचा स्टिकर वाचला. दिवाणजींच्या पीसीवरचा मॅक त्याच्याशी जुळला. मग सर्व्हर ज्याला राउटर समजून बोलत होता तो कोण? मॅकची पहिली सहा अक्षरं बनवणाऱ्या कंपनीची खूण असतात, आणि ती त्या इमारतीत एकाच ठिकाणी जुळली: माडीवरच्या शेठजींच्या केबिनमधला वाय-फायचा डबा. तो बसवणाऱ्याने त्याची डीएचसीपी आठवणीने बंद केली होती, केबलही बरोबर लॅनच्या पोर्टात घातली होती. कारखान्यातून आलेला पत्ता मात्र तसाच राहिला, आणि तो होता १९२.१६८.१.१. त्याच्याकडे बाहेरची लाइनच नव्हती, त्यामुळे सर्व्हरचा सगळा डेटा तिथे जाऊन संपत होता.

"वाय-फाय बसल्यापासून कधी नेट अडलं होतं का?" असं मी विचारल्यावर दिवाणजी म्हणाले, "अडायचं की अधूनमधून. पीसी बंद करून चालू केला की यायचं." म्हणजे सगळीच मशिनं अधूनमधून चुकीच्या डब्याकडे जात होती आणि बंद-चालू केल्याने दरवेळी प्रश्न झाकला जात होता. सर्व्हर कोणी बंद-चालू करत बसत नाही, म्हणून तिथे तो दिसला.

हे ओळखायला एआरपीची कमांडही लागत नाही. मुख्य राउटरची ऑफिसकडे जाणारी केबल मिनिटभर काढा आणि राउटरच्या पत्त्याला पिंग चालू ठेवा. तरीही उत्तर येत राहिलं तर त्या पत्त्यावर दुसरा कोणी बसलेला आहे. मग स्विचवरच्या केबली एकेक काढत जा. जी काढल्यावर उत्तर थांबेल, तिच्या दुसऱ्या टोकाला तो सापडेल. वाय-फायचा तो डबा आम्ही नेटवर्कमधून काढून थेट लॅपटॉपला जोडला, त्याला १९२.१६८.१.२ हा पत्ता दिला आणि परत बसवला. सर्व्हरची एआरपीची जुनी आठवण पुसल्याबरोबर ८.८.८.८ कडून उत्तरं येऊ लागली.

डीएनएसबद्दल एक गोष्ट आवर्जून सांगायची आहे, कारण सल्ला देणारे सर्रास ८.८.८.८ घालायला सांगतात. सर्व्हर नुसता टॅलीचा असेल तर हरकत नाही. पण तो डोमेन कंट्रोलर असेल, म्हणजे ऑफिसातली सगळी लॉगिनं त्याच्यावरून होत असतील, तर त्याच्या आणि बाकीच्या पीसींच्या नेटवर्क कार्डात डीएनएस म्हणून त्या सर्व्हरचाच पत्ता हवा. बाहेरचा पत्ता जातो सर्व्हरच्या डीएनएस सेवेतल्या फॉरवर्डरमध्ये. हे उलटं केलं तर साइट उघडतात, पण लॉगिनला मिनिटं लागतात, शेअर केलेले फोल्डर सापडेनासे होतात, आणि त्याचा संबंध कोणी डीएनएसशी जोडत नाही.

बाकी काही कारणं थोडक्यात. खालच्या कोपऱ्यातलं 'नो इंटरनेट' हे चिन्ह म्हणजे शेवटचा निकाल नव्हे. विंडोज मायक्रोसॉफ्टच्या ठरलेल्या एका पत्त्यावरची छोटी फाइल उघडून पाहतं, ती अडली तरी चिन्ह येतं. जुन्या सर्व्हरची आतली बॅटरी संपून तारीख मागे गेली असेल तर पिंग चालतं, पण बँकेची किंवा जीएसटीची साइट सर्टिफिकेटचं कारण देऊन अडते. तारीख सुधारा, बॅटरी बदला. काही साइट उघडतात आणि काही अर्ध्यावर लटकतात, असं होत असेल तर पाकिटाच्या आकाराकडे बघा. पीपीपीओई पद्धतीच्या फायबर लाइनवर १,५०० ऐवजी १,४९२ बाइटांचंच पाकीट जातं. 'पिंग -एफ -एल १४६४' ला उत्तर येतं आणि १४७२ ला येत नाही, तर राउटरमधला एमटीयू १,४९२ करून घ्या.

नेट आल्यावर उठून जाऊ नका. वहीतली पानं काढा आणि मध्ये जे जे बदललं होतं ते परत जागेवर आलंय का ते एकेक करून पाहा. बाहेरून सर्व्हर बघायचाच असेल तर व्हीपीएन घाला; ३३८९ उघडा ठेवू नका, 'फक्त आजच्या दिवस' म्हणूनही नको, कारण तो बंद करायला परत कोणी येत नाही. सर्व्हरचा बॅकअप सर्व्हरला कायम न जोडलेल्या डिस्कवरही असू द्या.

आणि पत्त्यांचा तक्ता करा. साधा कागद पुरतो, त्यावर पत्त्याचा शेवटचा आकडा: १ राउटर, २ ते ९ वाय-फायचे डबे, १० ते ४९ सर्व्हर, प्रिंटर आणि कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर, १०० ते २०० डीएचसीपीने वाटायला. प्रत्येकापुढे मॅक, बसवल्याची तारीख आणि बसवणाऱ्याचा फोन. पासवर्ड त्यावर लिहू नका. हा कागद स्विचशेजारी लावा, एक प्रत शेठजींच्या कपाटात ठेवा. यापुढे कॅमेरेवाला, वाय-फायवाला किंवा हजेरीचं मशीन बसवणारा आला, की त्याचं बिल चुकतं करण्याआधी त्याच्याकडून त्या कागदावर एक ओळ भरून घ्या, आणि कारखान्यातून आलेला पत्ता बदललाय का हे त्याच्यासमोरच पिंग करून पाहा.