हांडीतली कडू फळे आणि परसातली गुळवेल

अभ्यासासाठी वाचा : २ राजे ४:३८–४१, २ राजे २०:१–७

पहिला शास्त्रभाग आपल्या पेठ तालुक्यातल्या कोणत्याही पाड्यावर घडावा असा आहे. गिलगालात दुष्काळ पडला होता. अलीशाने शिष्यांसाठी मोठी हांडी चुलीवर ठेवायला सांगितली. एक जण भाजी आणायला रानात गेला. त्याला एक रानवेल दिसली, तिची फळे त्याने ओटीभर आणली आणि चिरून हांडीत टाकली. पहिला घास खाताच सगळे ओरडले, कारण अन्न विषारी झाले होते. पुढे अलीशाने पीठ मागवून ते अन्न खाण्याजोगे केले.

फळे आणणारा माणूस वाईट नव्हता. भुकेल्यांसाठी तो कष्ट करून आला होता. त्याला वेलीची ओळख नव्हती, एवढेच. आषाढात कणगीतली नागली संपत आली की आपल्या बाया रानभाजीला जातात. त्यांना हे सांगायला नको. कोणता कंद किती पाण्यात उकळायचा, कोणता नुसता बघून सोडून द्यायचा, हे त्यांना पाठ असते. आता प्रश्न असा आहे की त्यांच्या नातींना ते येते का? आश्रमशाळेत वाढलेली मुलगी दहावी होते, पण घरामागच्या वेलीचे नाव तिला सांगता येत नाही.

यात माझीही चूक आहे. ती इथे लिहिलीच पाहिजे. काही वर्षांपूर्वी एका पाड्यावर शिकवताना मी म्हणाले होते की भगताकडचे सगळे सोडा. मंत्र, उतारा, कोंबडे हे माझ्या मनात होते, पण शब्द मात्र ‘सगळे’ असा गेला. तिथल्या एका आजीने झोपडीजवळचा अडुळसा तोडून टाकला. पावसाळ्यात तिच्या नातवाला खोकला झाला, तेव्हा ती माझ्याकडे गोळी मागायला आली. अडुळसा कुठे गेला, असे मी विचारले. ती म्हणाली, “तुम्हीच सांगितलं ना.” मग थोडे थांबून तिने विचारले, “ताई, पाला देवानं केला का भगतानं?”

मला लगेच उत्तर देता आले नाही. घरी येऊन दुसरा शास्त्रभाग पुन्हा वाचला. हिज्कीया राजा मरणाच्या दारात होता. त्याने रडून प्रार्थना केली, देवाने ती ऐकली, बरे करण्याचे वचनही दिले. तरी यशयाने अंजिराची चकती आणून गळवावर लावायला सांगितली. वचन मिळाले म्हणून लेप टाळला नाही, आणि लेप लावला म्हणून प्रार्थना वाया गेली असेही कोणी म्हटले नाही. पाला देवाने केला. भगताने त्याला मंत्र जोडला. मंत्र सोडा, पाला ठेवा. तुळशीविषयीही काही विश्वासणाऱ्या घरांत संकोच असतो. माझे मत असे की ती एका जुन्या डब्यात साधेपणाने लावावी आणि सर्दीला वापरावी.

आता दूरच्या देशातली एक गोष्ट. चीनमध्ये गे होंग नावाच्या विद्वानाने चौथ्या शतकात लिहून ठेवले होते की थंडीतापावर एक विशिष्ट दवण्यासारखी वनस्पती पाण्यात भिजवावी आणि पिळून रस प्यावा. १९६९ पासून थू यूयू या संशोधक बाई हिवतापावरचे औषध शोधत होत्या. त्यांनीही हीच वनस्पती तपासली होती, पण गुण सारखा येत नव्हता. जुना मजकूर पुन्हा वाचताना त्यांच्या ध्यानात आले की त्यात उकळायचे सांगितलेलेच नाही. उष्णतेने गुण जात असावा, असे त्यांनी ताडले. मग कमी तापमानात अर्क काढला आणि तो लागू पडला. त्या अर्कातल्या आर्टेमिसिनिनपासून बनलेल्या गोळ्या आज हिवतापावर जगभर देतात. २०१५ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

ही गोष्ट ऐकून कोणी दवण्याचा काढा करू नये! बाजारात मिळणारा आपला दवणा त्याच कुळातला असला तरी तो हिवतापावरचे औषध नाही. खुद्द त्या चिनी वनस्पतीचा चहाही हिवतापावर घेऊ नये, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. ताप आला तर आशाताईकडे रक्त तपासा आणि गोळ्यांचा कोर्स पुरा करा.

मग परसात काय लावावे? पहिला मान अडुळशाचा. गुरे त्याला तोंड लावत नाहीत, म्हणून कुंपण आणि औषध दोन्ही होते. तीन-चार पेरांची काडी पहिल्या पावसात खोचली की फुटते. पानांचा रस मधातून खोकल्याला देतात. गरोदर बाईला मात्र देऊ नये.

गुळवेलीची बोटाएवढी जाड काडी दोन डोळे मातीत जातील अशी लावावी, जवळ लिंबाचा आधार असला तर उत्तम. तिची ओळख नीट करून घ्या. पान हृदयाच्या आकाराचे, साल पातळ कागदासारखी सुटणारी, आणि खोड आडवे कापले की आत गाडीच्या चाकासारख्या आऱ्या दिसतात. तिच्यासारखीच दुसरी एक वेल असते, तिच्या खोडावर फोडासारख्या गाठी असतात. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद केली. ही दुसरी वेल चुकून वापरली गेली असावी, असे आयुष मंत्रालयाचे म्हणणे होते. कोण बरोबर हा वाद आपण मिटवू शकत नाही. पण ओळख पटल्याशिवाय तोडू नये आणि महिनोन्‌महिने काढा पिऊ नये, एवढे आपल्या हातात आहे. याच गुळवेलीवर शहापूरच्या कातकरी तरुणांनी वन धन केंद्रामार्फत मोठ्या औषध कंपन्यांची १ कोटी ५७ लाख रुपयांची मागणी मिळवली होती.

सफेद मुसळीचे शास्त्रीय नाव बोरिवलीवरून पडले आहे, म्हणजे ती आपल्या सह्याद्रीचीच लेक. व्यापारी येतो म्हणून बी पडायच्या आधीच रानातली मुसळी उपटली जाते आणि पुढच्या वर्षी तिथे काही उगवत नाही. त्यापेक्षा डोळा असलेला माथा बांधावर जूनमध्ये लावा. पाने पिवळी पडून गळाली की काही दिवसांनी मुळ्या काढा आणि माथा पुढच्या हंगामासाठी ठेवा. गवती चहा, आले, हळद, पानओवा यांविषयी वेगळे सांगायला नको. होळीनंतर पाणी डोक्यावरून आणावे लागते तेव्हा त्यांना भांडी घासलेले पाणी पुरते, फक्त साबण नसावा.

कळलावी मात्र परसात नको. पावसात तिची ज्वाळेसारखी लाल-पिवळी फुले पाहून मुले हात लावतात. पूर्वी सुइणी अडलेल्या बाईसाठी तिचा कंद वापरत, नावही त्यावरूनच पडले. पण त्या कंदात जहाल विष असते आणि थोडाही पोटात गेला तर जीव जाऊ शकतो. बाळंतपण, सर्पदंश, मुलाचा जोरात चाललेला श्वास, तीन दिवस न उतरलेला ताप, कावीळ : इथे पाल्यात वेळ घालवू नका. १०८ ला फोन लावा किंवा मिळेल त्या गाडीने पेठचे ग्रामीण रुग्णालय गाठा. काही पाला दिला असेल तर डॉक्टरांना न लाजता सांगा, जमल्यास त्याची फांदीही सोबत न्या.

पुढच्या मासिक सभेला प्रत्येक घरातून एक आजी किंवा आजोबा आणि एक नातवंड यावे. येताना ओळखीच्या एका झाडाची फांदी आणावी. मोठ्यांनी नाव आणि उपयोग सांगायचा, मुलांनी वहीत पान चिकटवून लिहायचे. त्या आजीने अडुळशाची जुडी आणायचे कबूल केले आहे. शेजारणीकडून काड्या मागून तिने तो पुन्हा लावला आणि आता तो कमरेएवढा झाला आहे.