तळव्यावरचा निळा डाग

मे महिन्यात तेंदूपत्त्याची फळी, म्हणजे पानं गोळा करण्याचं केंद्र, सुरू झाली, की आमच्या कुरखेडा भागात दुखणं अंगावर काढायची रीतच आहे. हंगाम जेमतेम दोन-तीन आठवड्यांचा, आणि वर्षभराच्या रोख पैशातला मोठा वाटा त्यातूनच येतो. खरीपाचं बियाणं त्यावर, पोरांची पुस्तकं त्यावर. तीन वर्षांपूर्वी मीही असंच दुखणं अंगावर काढलं. त्याचं फळ म्हणून आज माझ्या डाव्या पावलात तीन सांधे कायमचे जोडलेले आहेत.

सकाळची वेळ होती. डोक्यावर पानांचं गाठोडं घेऊन नाल्यात उतरत होतो. पावलाचा पुढचा भाग दोन दगडांच्या मध्ये अडकला, टाच वर राहिली आणि गाठोड्यासकट मी पुढे कोसळलो. पावलाच्या मधोमध कट्‌कन आवाज आला. तो आवाज मला अजून आठवतो.

संध्याकाळपर्यंत पाय टम्म फुगला. मी खाटेवर पडलो होतो, बायको पायथ्याशी बसली होती. ती म्हणाली, "अहो, खालून निळा पडला जी पाय." तळव्याच्या कमानीपाशी लिंबाएवढा जांभळट डाग उठला होता. मार लागल्यावर निळं पडणारच, असं म्हणून मी विषय संपवला.

दुसऱ्या दिवशी एका खाजगी दवाखान्यात गेलो. झोपवूनच दोन एक्सरे काढले. हाड शाबूत आहे, पाय मुरगळला आहे, असं सांगून क्रेप बँडेज बांधलं, गोळ्या दिल्या. तळवा कोणी पाहिला नाही, मीही दाखवला नाही. घरी आल्यावर शेजारच्या काकांनी मोहाच्या तेलाने मालीश केली. सहाव्या दिवशी मी पुन्हा पानं तोडायला जंगलात होतो.

पुढे जुलैत रोवणीला बांधीत उतरलो. चिखलात रुतलेला पाय वर ओढताना पावलात इतकी कळ गेली की धुऱ्यावरच बसकण मारली. पाय धुऊन पाहिला, तर पावलाची कमान बसली होती आणि वरच्या अंगाला हाडाचा उंचवटा आला होता. भावाने मला वडसा, ब्रह्मपुरी, नागभीड, उमरेड करत नागपूरला नेलं.

तिथल्या अस्थिरोग डॉक्टरांनी आधी जुना फोटो पाहिलाच नाही. तळवा दाबून पाहिला, चवड्यावर उभं राहायला सांगितलं. मला ते जमेना. मग दोन्ही पायांवर सारखा भार देऊन, उभं करून एक्सरे काढले. जुना आणि नवा फोटो त्यांनी शेजारी शेजारी लावला. झोपून काढलेल्या फोटोत हाडं जागच्या जागी होती. उभ्या फोटोत अंगठ्याच्या आणि त्याच्या शेजारच्या बोटाच्या लांब हाडांमध्ये, मुळापाशी, उघड फट पडली होती. उजव्या पायात तीच जागा घट्ट मिटलेली. "भाऊ, तुमचा पाय भार दिल्यावर उघडतो," ते म्हणाले, "आणि फोटो भार न देता काढला होता."

या दुखापतीला लिसफ्रँकची इजा म्हणतात. जॅक लिसफ्रँक हे नेपोलियनच्या काळातले फ्रेंच शल्यचिकित्सक. घोडेस्वाराचा पाय रिकिबीत अडकून तो खाली पडला, की पाऊल याच ठिकाणी मोडू शकतं. पावलाच्या मध्यात दुसऱ्या बोटाच्या हाडाचं मूळ कमानीतल्या मधल्या दगडासारखं खाचेत बसलेलं असतं आणि एक जाड सांधेबंध त्याला आतल्या बाजूच्या हाडाशी बांधून ठेवतो. तो तुटला की सगळी कमान हळूहळू सुटते. अशा दर पाचांतली सुमारे एक इजा पहिल्या तपासणीत नजरेतून सुटते, असं वैद्यकाच्या पुस्तकांत सांगितलेलं आहे. माझी त्यातलीच एक.

त्यानंतर सीटी स्कॅन झाला. साध्या एक्सरेत पावलाची हाडं एकमेकांवर चढलेली दिसतात. सीटीत ती पातळ चकत्यांसारखी वेगवेगळी होतात. पडद्यावर डॉक्टरांनी माझं पाऊल फिरवून दाखवलं. दुसऱ्या हाडाच्या मुळाशी सुटलेला बारीक तुकडा, तिसऱ्या सांध्याची खरवडलेली कड, सगळं लख्ख दिसत होतं. चीर कुठे द्यायची, कोणतं हाड आधी ओढून बसवायचं, स्क्रू कोणत्या दिशेने घालायचा, हे त्यांनी त्या चित्रावरच ठरवलं. इजा झाल्यावर लगेच आलो असतो, तर हाडं जागेवर आणून स्क्रूने धरली असती आणि सांधा वाचण्याची आशा होती. आठ आठवडे मी त्या पायावर चाललो होतो, त्यामुळे सांधे झिजले होते. आतल्या बाजूचे तीन सांधे जोडून टाकावे लागले. बाहेरच्या बाजूचे दोन त्यांनी मोकळे ठेवले. उंचसखल जमिनीवर पाऊल वळवायला तेच कामी येतात. शेतकऱ्याला हे सांगावं लागत नाही, धुऱ्यावर चालताना कळतं.

ऑपरेशनला कंबरेत सुई देऊन भूल दिली होती, त्यामुळे मी जागा होतो. सी-आर्म नावाचं यंत्र पायाभोवती वळवून प्रत्येक स्क्रू आत जाताना डॉक्टर पडद्यावर पाहत होते. एक स्क्रू त्यांनी परत काढून जरा तिरका घातला. नुसत्या डोळ्यांनी ते दिसलंच नसतं.

ऑपरेशनआधी एक अट होती, खर्रा बंद. तंबाखूतल्या निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात, जखम आणि हाड दोन्ही उशिरा जुळतात. आमच्याकडे खर्ऱ्याची पन्नी खिशात नसलेला माणूस शोधावा लागतो. मला ही अट पायापेक्षा जड गेली, पण पाळली.

शेजारच्या खाटेवर चिंचेच्या झाडावरून टाचांवर पडलेला एक तरुण होता. टाचेचं हाड आतून किती तुकड्यांत फुटलं आणि वरच्या सांध्याची पाटी किती खचली, हे त्याच्या सीटीत कळलं. उंचावरून टाचेवर पडणाऱ्याचा मणकाही दबू शकतो, म्हणून त्याच्या पाठीचेही फोटो काढले. ऑपरेशन मात्र लगेच केलं नाही. पाय उंच ठेवून सूज उतरू दिली, कातडीवर सुरकुत्या दिसू लागल्यावरच चीर दिली. घरचे लोक उशीर होतोय म्हणून रागावत होते. फुगलेल्या कातडीवर चीर दिली तर जखम उघडी राहते, हे त्यांना कळायला वेळ लागला.

थांबू नये अशा वेळा वेगळ्या. जखमेतून हाड दिसत असेल, बोटं गार किंवा बधिर पडली असतील, किंवा बोट नुसतं हलवलं तरी सहन होत नाही आणि कळ तासागणिक वाढतेच आहे, तर १०८ला फोन करा, त्याच रात्री निघा.

बाकीच्यांनी एवढं करावं. पाऊल दगडात, गाडीच्या चाकाखाली किंवा पायदानात अडकून पिळलं गेलं आणि त्यावर उभं राहवत नसेल, तर मालीश करू नका. तळवा उजेडात पाहा, डाग असेल तर डॉक्टरांना आपणहून दाखवा. उभं राहून, दोन्ही पायांचा फोटो काढता येईल का, असं विचारा. त्यात उद्धटपणा काही नाही. पहिल्या दिवशी दुखण्यामुळे उभं राहता येत नसेल, तर पाय टेकवू नका आणि दहा-पंधरा दिवसांनी पुन्हा फोटो काढून घ्या. तरीही शंका राहिली तर सीटी, सांधेबंधाचा प्रश्न असेल तर एमआरआय. जाताना रेशनकार्ड आणि आधारकार्ड सोबत न्या आणि दवाखान्यात आरोग्यमित्राला गाठा; माझं ऑपरेशन महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून झालं.

आमच्या ग्रामसभेच्या फळीवर आता हिशेबाचं काम माझ्याकडे आहे. पानं तोडायला मी जात नाही. गाठोडं टेकवताना कोणी लंगडताना दिसलं, की मी आधी त्याला खाली बसवून तळवा पाहतो. तुमच्या फळीवरही कोणीतरी एवढं करा.