व्यायाम-चाचणी : शस्त्रक्रियेपूर्वीचा ताळेबंद

"ऑपरेशन फुप्फुसाचे, मग सायकल कशाला? बिल वाढविण्यासाठी?" असा प्रश्न रुग्णांचे नातेवाईक कधी कधी विचारतात. प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर देणे आमचे कर्तव्य आहे.

फुप्फुसाचा भाग काढल्यावर उरलेले फुप्फुस व हृदय यांवर अधिक भार पडतो. तो पेलण्याची कुवत विश्रांतीच्या स्थितीतील तपासणीत पूर्णपणे दिसत नाही. एकवीरा आईच्या पायऱ्या चढतानाच दमाची खरी परीक्षा होते, हे मावळवासीयांस सांगणे नको. म्हणून डॉक्टरांच्या देखरेखीखाली सायकल चालवीत असता रुग्ण किती प्राणवायू वापरतो, हे मुखवट्याद्वारे मोजतात. कमाल वापर दर किलो वजनामागे मिनिटाला 20 मिलिलिटरहून अधिक असल्यास धोका कमी, 10 हून कमी असल्यास मोठा मानतात. यंत्र नसल्यास जिना चढवून पाहतात. 22 मीटर, म्हणजे सुमारे सात मजले, चढणाऱ्यास धोका कमी. घरी मात्र असा प्रयोग करू नये.

श्वसनाचे शास्त्रीय मोजमाप आपल्या परिसरास नवे नाही. स्वामी कुवलयानंदांनी 1924 साली लोणावळ्यात कैवल्यधाम स्थापून योगाभ्यास प्रयोगशाळेत नेला.

मी वाणिज्य शाखेचा. शिल्लक पाहूनच खर्चास संमती देतो. मात्र येथे अल्प शिल्लक म्हणजे नकार नव्हे. धूम्रपान सोडणे, चालणे व श्वसनाचे व्यायाम यांनी ती वाढू शकते. अन्यथा लहान शस्त्रक्रिया वा किरणोपचार यांचा विचार होतो. धोका आधी कळला, तर तयारीही आधी करता येते.