रशियाचं पत्र न्यू जर्सीला आलं, मुलुंडला का नाही?

प्रश्न : माझा पुतण्या न्यू जर्सीत राहतो. जानेवारी २०१८ मध्ये त्याला ट्विटरचा ईमेल आला होता, की तुम्ही ज्यांच्या पोस्ट लाइक केल्यात त्यांतली काही खाती रशियातून चालवली जात होती. ऑपरेशन सिंदूरच्या वेळी आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर व्हिडिओंचा पूर आला होता. त्यांतले काही सीमेपलीकडून सोडलेले असणारच. मग मला किंवा बोरिवलीच्या बहिणीला असं पत्र कधी का आलं नाही? कंपन्यांना माहीत नसतं, की सांगायचं नसतं?
– एक वाचक, मुलुंड (पूर्व)

उत्तर : व्हॉट्सअॅप सोडलं, तर माहीत असतं. कोणी कोणतं पान फॉलो केलं, कुठली पोस्ट लाइक केली, याची नोंद हाच तर या कंपन्यांचा धंदा आहे. तुमच्या पुतण्याला पत्र आलं ते मात्र कंपनीच्या चांगुलपणामुळे नव्हे. २०१६ च्या अमेरिकी निवडणुकीत सेंट पीटर्सबर्गच्या 'इंटरनेट रिसर्च एजन्सी' या संस्थेने हजारो बनावट खाती चालवली होती. २०१७ च्या अखेरीस फेसबुक, ट्विटर आणि गूगलच्या वकिलांना सिनेट समित्यांपुढे उभं राहावं लागलं. ज्यांनी हा माल पाहिला त्यांना तसं कळवा, असा तगादा सिनेटर रिचर्ड ब्लूमेंथाल यांनी लावला. मग ट्विटरने आधी ६,७७,७७५ जणांना कळवलं आणि पुढे तो आकडा १४ लाखांवर गेला. फेसबुकनेही एक पान उघडून दिलं, तिथे जाऊन आपण तपासायचं.

त्यातही मेख होती. फेसबुकचं ते पान फक्त लाइक किंवा फॉलो केलेल्या खात्यांबद्दल बोलायचं. कंपनीच्याच अंदाजाने १२ कोटी ६० लाख अमेरिकनांपर्यंत तो मजकूर पोचला असावा, आणि त्यांतल्या अनेकांनी काहीच लाइक केलं नव्हतं. मित्राने केलं म्हणून त्यांच्याही पुढ्यात आलं. त्यांना कोण सांगणार?

आता आपल्याकडे. असं पत्र भारतात पोचवणं तांत्रिकदृष्ट्या अवघड आहे, असं कोणी म्हणालं तर विश्वास ठेवू नका. केम्ब्रिज अॅनालिटिका या लंडनच्या कंपनीच्या प्रकरणात फेसबुकने एप्रिल २०१८ मध्ये सांगितलं, की भारतातल्या ५,६२,४५५ जणांची माहिती बाहेर गेलेली असू शकते. ही माहिती ज्या प्रश्नमंजुषेच्या अॅपमधून गेली, ते भारतात घेतलं होतं अवघ्या ३३५ जणांनी, बाकीचे त्यांच्या मित्रयादीतले. तुमची माहिती गेली की नाही, हे सांगणारी सूचना तेव्हा खातेदाराच्या फीडच्या वर झळकली होती. म्हणजे बोरिवलीतल्या एका खातेदाराला नेमकं काय झालं ते कळवता येतं, आणि एकदा तशी सोय केलीही होती.

बरोबर वर्षाने, १ एप्रिल २०१९ रोजी, लोकसभेच्या मतदानाला दहा दिवस असताना फेसबुकने १०३ पानं, ग्रुप आणि खाती काढून टाकली. ती पाकिस्तानी लष्कराच्या प्रसिद्धी विभागाच्या, म्हणजे आयएसपीआरच्या, कर्मचाऱ्यांशी जोडलेली होती. लष्कराची चाहती पानं होती, काश्मीरची होती आणि चक्क छंदांची व बातम्यांचीही होती. त्यांतलं एखादं तरी पान फॉलो करणारी सुमारे २८ लाख खाती होती. बरेच जण पाकिस्तानातलेच असतील, पण भारतातले किती, हे त्या निवेदनात नव्हतं. एकूण आकडा जाहीर झाला आणि विषय संपला. काढून टाकलेलं पान परत उघडून पाहता येत नाही, त्यामुळे आपण काय वाचत होतो हे ताडून बघण्याची वाटही बंद.

त्याच दिवशी, त्याच निवेदनात आणखी दोन नावं होती. काँग्रेसच्या आयटी सेलशी संबंधित व्यक्तींची ६८७ पानं आणि खाती, आणि भाजपची बाजू घेणारी, 'सिल्व्हर टच' या भारतीय कंपनीशी जोडलेली १५. जाहिरातींवरचा खर्च पाहा : पाकिस्तानी जाळ्याचा सुमारे १,१०० डॉलर, काँग्रेसवाल्यांचा ३९ हजार, सिल्व्हर टचचा ७० हजार. परका प्रचार शोधायला निघालेल्या माणसाला घरचाच जास्त सापडला, तर त्याने दचकू नये.

सरकार तरी सांगतं का? आकडे सांगतं. डिसेंबर २०२१ मध्ये माहिती व प्रसारण मंत्रालयाने पाकिस्तानातून चालणारे २० यूट्यूब चॅनेल बंद करायला लावले. ३५ लाख सबस्क्रायबर, ५५ कोटींहून जास्त व्ह्यूज. महिन्याभराने आणखी ३५ चॅनेल, १३० कोटी व्ह्यूज. त्या व्ह्यूजमध्ये घाटकोपरचे किती, अंधेरीचे किती, हे यूट्यूबच्या दप्तरी असणारच. पण आपला कायदा मजकूर बंद करण्यासाठी घडवलेला आहे, पाहणाऱ्याला कळवण्यासाठी नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९अ खालची कारवाई २००९ च्या नियमांनुसार गोपनीय राहते. मे २०२५ मध्ये एक्सला, म्हणजे पूर्वीच्या ट्विटरला, भारतात ८,००० हून जास्त खाती रोखण्याचे आदेश मिळाले. नेमक्या कोणत्या पोस्टने कायदा मोडला, हे बहुतेक आदेशांत नमूद नसल्याचं कंपनीने जाहीरपणे सांगितलं. त्यांतली खरोखर परदेशी किती आणि नुसती नावडती किती, हे तुम्हा-आम्हाला कसं कळणार? माझं स्पष्ट मत असं, की बंद करण्याचा अधिकार हवा असेल तर कळवण्याची जबाबदारीही त्याच कायद्यात लिहिली पाहिजे.

मुंबईने अशा खोट्या मजकुराची झळ आधीच सोसलेली आहे. ११ ऑगस्ट २०१२ ला आझाद मैदानावर जी सभा हिंसक झाली आणि दोघांचा जीव गेला, ती आसाम आणि म्यानमारमधल्या हिंसाचाराच्या निषेधाची होती. त्या दिवसांत फिरणाऱ्या छायाचित्रांत एक तिबेटी भिक्षूंचं होतं. २०१० च्या भूकंपातल्या मृतांजवळ ते उभे होते आणि खाली लिहिलं होतं म्यानमार. ही लबाडी पाकिस्तानातल्याच एका तरुणाने उघड केली होती, हे आवर्जून सांगायला हवं. आठवड्याभराने केंद्रीय गृहसचिव आर. के. सिंह म्हणाले, की असा बराच मजकूर पाकिस्तानातून चढवला गेला. उपाय काय झाला? सगळ्या देशाला दिवसाला पाच एसएमएसची मर्यादा. वाढदिवसाच्या शुभेच्छा अडल्या. ज्यांनी ते फोटो खरे मानले, त्यांच्याकडे खुलासा कोणी घेऊन गेलं नाही.

आता तुमचा सोसायटीचा ग्रुप. तिथलं उत्तर निराळं आहे. व्हॉट्सअॅपवरचा निरोप दोन टोकांमध्ये कुलूपबंद असतो, आत काय आहे ते कंपनीला दिसत नाही. म्हणून ती फार तर 'फॉरवर्डेड'ची खूण लावते. २०२१ च्या आयटी नियमांत मात्र एक तरतूद आहे, ती प्रत्येक ग्रुप अॅडमिनने वाचावी. न्यायालयाने किंवा सक्षम अधिकाऱ्याने आदेश दिला, तर कंपनीने निरोपाचा पहिला पाठवणारा शोधून द्यायचा. आणि तो पहिला माणूस भारताबाहेर असेल तर? मग भारतात ज्याने तो पहिल्यांदा पाठवला, तोच मूळ पाठवणारा मानायचा! व्हिडिओ कराचीत बनला आणि घाटकोपरच्या एखाद्या काकांनी तो देशात सर्वांत आधी पुढे ढकलला, तर नियमाच्या लेखी उगम घाटकोपर. व्हॉट्सअॅपने मे २०२१ मध्ये या नियमाला दिल्ली उच्च न्यायालयात आव्हान दिलं. परदेशी प्रचाराचा परदेशीपणाच पुसून टाकणारा हा नियम कोणाला सुचला असेल, याचं मला आजही नवल वाटतं.

हे सगळं मोबाइलबरोबर आलं असंही नाही. 'सोव्हिएत लँड'ची मराठी आवृत्ती आठवते ना? तिच्या गुळगुळीत कागदाने किती वह्यांना कव्हरं घातली गेली. ते अंक सोव्हिएत दूतावास काढतो, हे छापलेलं असायचं. घ्यायचं त्याने समजून घ्यावं. याउलट १९५५ मध्ये मुंबईत निसिम इझिकेल यांच्या संपादनाखाली सुरू झालेलं 'क्वेस्ट' पाहा. उत्तम नियतकालिक, आजही त्याचं नाव निघतं. त्यामागच्या 'काँग्रेस फॉर कल्चरल फ्रीडम' या संस्थेला सीआयएचा पैसा होता, हे १९६६-६७ मध्ये अमेरिकी पत्रकारांनी बाहेर काढलं. नियतकालिक त्यामुळे वाईट ठरत नाही. पण वाचकाला दशकभर ठाऊक नव्हतं, आणि कळलं तेही तिसऱ्याकडून.

पत्र आलं असतं तर काय बदललं असतं, हेही विचारायला हवं. जानेवारी २०२३ मध्ये 'नेचर कम्युनिकेशन्स'मध्ये आलेल्या अभ्यासात दिसलं, की ट्विटरवरच्या त्या रशियन मजकुराचा ७० टक्के मारा फक्त एक टक्का लोकांवर झाला होता, आणि त्याने मतं बदलल्याचा ठोस पुरावा सापडला नाही. त्यामुळे बहिणीचं मत कोणी पळवलं, अशी भीती नको. कळण्याचा हक्क मात्र परिणामावर अवलंबून नसतो.

तोवर हाताशी आहे ते वापरा. फेसबुक पानाच्या माहितीत 'पेज ट्रान्सपरन्सी' उघडा. पान कधी निघालं, आधी त्याची नावं काय होती आणि बऱ्याचदा चालवणारे कोणत्या देशात बसतात, हे तिथे दिसतं. एक्सवर नोव्हेंबर २०२५ पासून खात्याचा देश दिसू लागला आहे. तो डोळे मिटून मानू नका. व्हीपीएनने तो फिरवता येतो, आणि सुरुवातीला तर खऱ्या खात्यांचेही देश चुकीचे दिसत होते. नावांचा इतिहास जास्त बोलका. काल पाककृतींचं असलेलं पान आज संरक्षणतज्ज्ञ झालं असेल, तर देश पाहायचीही गरज नाही.